पहिला गेम कोणता?

दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून घरी नवा कॉम्प्युटर आला की सर्वांत गाजलेला गेमच हवासा वाटतो. नवखे इथेच फसतात. रोल-प्लेइंग गेममध्ये आपण कथेतले पात्र होतो, निर्णयही आपलेच असतात. म्हणून सुरुवात छोट्या 'अनरेस्ट'ने (२०१४) करावी. प्राचीन भारताच्या धर्तीवरचे दुष्काळी नगर, घरच्यांनी ठरवलेल्या लग्नापुढे उभी असलेली गरीब मुलगी. तिने काय करावे, हे आपण ठरवायचे. इथे तलवारीपेक्षा बोलणे कामी येते. नंतर जुना 'बाल्डर्स गेट' (१९९८) घ्यावा, तोही २०१२च्या सुधारित आवृत्तीत. त्यात सुरुवातीला पात्र पटकन मरते, तेव्हा वारंवार सेव्ह करावे. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) देखणा, पण १५० जीबी जागा मागणारा आणि फक्त प्रौढांसाठी. तो शेवटी!