छोट्या सफाईची किंमत

समजा, दिवाळीच्या साफसफाईत तुम्ही स्वयंपाकघरातले डबे नव्याने मांडले. नंतर तुम्ही बाहेरगावी असताना घरून फोन येतो, "हिंग कुठंय?" तुम्ही सवयीने सांगता, "हळदीच्या शेजारी." पण हळदीची जागा तर तुम्हीच बदललेली! फळी नीटनेटकी झाली, शोधाशोध मात्र वाढली.

तुमच्या फोनच्या आतही हाच प्रश्न आहे. अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो. मेमरी कोणत्या ॲपला कधी आणि किती वापरू द्यायची, हे हा गाभा सांभाळतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. आज त्यात तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. त्यात सुधारणा कोणीही सुचवू शकतं, नवा रायपूरच्या ट्रिपल आयटीत शिकणारी तुमची भाचीसुद्धा.

नवशिके बहुधा सफाईपासून सुरुवात करतात. जादा मोकळी जागा काढायची, स्पेलिंग सुधारायचं. पण अशी दुरुस्ती अनेकदा नाकारली जाते. का बरं?

एक तर, ती कोणाला तरी वाचून तपासावी लागते. दुसरं, जुन्या फोनमध्ये कर्नलच्या जुन्या आवृत्त्या असतात. सुरक्षेची दुरुस्ती आधी नव्या आवृत्तीत होते, मग ती जुन्या आवृत्त्यांत न्यावी लागते. ही दुरुस्ती आपली जागा आजूबाजूच्या ओळींवरून ओळखते. नव्या आवृत्तीत त्या ओळी सफाईत बदलल्या असतील, तर जुन्या आवृत्तीत ती आपोआप बसत नाही. हाताने बसवावी लागते. त्यात वेळ जातो, चूकही होऊ शकते. कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांत निव्वळ स्पेलिंगची किंवा मोकळ्या जागांची दुरुस्ती घेत नाहीत.

सफाई महागात पडल्याचं एक उदाहरण कर्नलबाहेरचं आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत, तपासणीचं साधन तक्रार करतं म्हणून, ओपनएसएसएलमधला थोडासा कोड काढला गेला. त्यामुळे गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२ हजार शक्यता उरल्या! हे लक्षात आलं मे २००८ मध्ये. मग जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या.

मग सफाई करूच नये का? तसंही नाही. गबाळ्या कोडमध्ये चुका लपून बसतात. म्हणून भाचीला तीन गोष्टी सांगा. जिथे खरं काम करायचं आहे, तिथलीच सफाई कर. सफाई आणि दुरुस्ती वेगवेगळी पाठव, म्हणजे तपासणाऱ्याला सोपं जाईल. आणि नुसता सराव हवा असेल, तर कर्नलमध्ये 'स्टेजिंग' नावाचा विभाग आहे. तिथे अजून कच्चे असलेले ड्रायव्हर ठेवतात, आणि नवशिक्यांच्या सफाईचं स्वागत होतं.

आणि तुम्ही? फोनवर सुरक्षा अपडेट आला, की "नंतर" म्हणून टाळू नका. तो तुमच्या जुन्या फोनपर्यंत पोचावा म्हणून कोणीतरी एकेक ओळ जुळवलेली असते.