घर मिळेपर्यंतचं घर

शीळफाट्याचा रस्ता रात्रीसुद्धा झोपत नाही. कल्याणहून येणारे, महापेकडे वळणारे, पनवेलला निघालेले ट्रक आणि कंटेनर यांची रांग संपता संपत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याच रस्त्याच्या कडेला मला तीन पिल्लं दिसली. शेजारी त्यांची आई पडली होती. गाडीनं उडवून फार वेळ झाला नसावा, कारण पिल्लं अजून तिच्या पोटाशी तोंड लावत होती.

भाजीच्या पिशवीतून मी ती घरी आणली. सासूबाई दारातच म्हणाल्या, "अगं, हे काय आणलंस? इथे माणसांना पाय पसरायला जागा नाही!" मी म्हटलं, "आई, फक्त आठ दिवस."

त्या आठ दिवसांचे पाच महिने झाले. त्यानंतर आजवर आणखी चार पिल्लं आमच्या घरी राहून गेली. त्यातलं एकही आमचं नाही. याला हल्ली 'फॉस्टर करणं' म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर, कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं आणि मग देऊन टाकायचं.

ऐकायला गोड वाटतं, पण मैत्रिणींनो, काम कष्टाचं आहे. पहिल्याच वेळी मी एक चूक केली, ती सांगते. पिल्लं गॅलरीत कंटाळतात म्हणून लसीकरण पूर्ण होण्याआधीच मी त्यांना इमारतीखालच्या मातीत सोडलं. चार-पाच दिवसांत एकाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो नावाचा रोग. त्याचे विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. सलाईन लावूनही ते पिल्लू गेलं. म्हणून आता मी प्रत्येकीला आधी हेच सांगते: सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, आणि तोवर पिल्लू घरातच. घरात दुसरा कुत्रा असेल तर निदान दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवायचं. वाटीभर गाईचं दूध पाजून पुण्य मिळत नाही, बहुतेकदा जुलाबच मिळतात.

आणि जुलाब पुसतं कोण? घरात पिल्लू आलं की लेक फोटो काढते, नवरा ऑफिसात कौतुक सांगतो. पुण्य सगळ्यांचं, फडकं मात्र आपल्या हातात! म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हा निर्णय एकट्या बाईनं घेऊ नये. कोण पुसणार, कोण डॉक्टरकडे नेणार, पैसे कुठून येणार, हे आधी सगळ्यांनी बसून ठरवावं. आमच्याकडे सकाळची साफसफाई आता नवऱ्याकडे आहे. सहज झालेलं नाही ते, दोन दिवस अबोला धरावा लागला!

सध्या कुत्र्यांवरून सगळीकडे वाद पेटलाय. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला: पिसाळलेले आणि आक्रमक सोडून बाकीच्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना परत त्यांच्या जागी सोडावं, आणि खाऊ घालायला ठरावीक जागा असाव्यात. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातल्या कुत्र्यांबद्दल वेगळा, कडक आदेश आला. तेव्हापासून आमच्या सोसायटीतही दोन पक्ष पडलेत. एक पक्ष रात्री भात टाकतो, दुसरा सकाळी दगड मारतो.

मला दोघांनाही काही सांगायचंय. भीती खोटी नाही. जगात रेबीजनं दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश आपल्या देशातली. चावा बसला तर हळद-मिरची न लावता साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची आणि लगेच इंजेक्शनासाठी दवाखाना गाठायचा. पण दगडानं कुत्रे कमी होत नाहीत, आणि नुसत्या भातानंही होत नाहीत. नसबंदीनं होतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तेच आहे. ज्याला भात घालता, त्याची नसबंदी झाली का, हे बघणंही भात घालणाऱ्याचंच काम.

आईजवळ सुखरूप असलेली पिल्लं मात्र कळवळ्यापोटी उचलून आणू नका. ती खाणं शोधायला गेली असेल. लांबून वाट बघा. फॉस्टर घर हवंय ते ज्याला मागे कुणीच नाही त्याच्यासाठी.

आता त्या दोन उरलेल्या पिल्लांची गोष्ट. एक नर, तांबूस. दुसरी मादी, काळी. नर अडीच महिन्यांचा असतानाच एका घरी गेला. काळीसाठीही फोन यायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "नर आहे का?" नाही म्हटलं की, "मग नको हो. कुत्री म्हणजे कटकट. पिल्लं होतात." कुणी म्हणे, "त्यातून काळी!" असे किती फोन आले, मोजायचं मी सोडून दिलं.

एकदा सासूबाई शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या. फोनवरचं ऐकून त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, मुलगी म्हणून नको असेल तर मुलगासुद्धा देणार नाही आम्ही." सासूबाई चौघी बहिणींतल्या धाकट्या. मी फोन ठेवला. त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या. त्या दिवसापासून काळीच्या वाटीत भाकरी त्या स्वतः कुस्करायच्या.

पिल्लं होतात ही अडचण एका शस्त्रक्रियेनं संपते. सहा महिन्यांची झाल्यावर आम्ही ती करून घेतली. नंतर डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेनं तिला मागितलं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? गावाला जाल तेव्हा कोण बघेल? बांधून तर ठेवणार नाही ना? त्यांनी उलट मलाच विचारलं, "तिला कशाची भीती वाटते?" तेव्हाच कळलं, घर मिळालं. मी म्हटलं, "ट्रकच्या हॉर्नची."

"मग आपणच ठेवू या ना," ती जायच्या आदल्या रात्री सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. पण आमच्या दोन खोल्यांत एकाचीच जागा आहे. काळी राहिली असती तर पुढच्या चौघांना आमचं दार बंद झालं असतं. माया कमी म्हणून नाही, जागा एकच म्हणून तिला दिलं. त्या रात्री आम्ही दोघीही नीट जेवलो नाही.

सगळ्यांनी पिल्लं आणावीत असं मी म्हणणार नाही. घरात तान्हं बाळ असेल, आजारी माणूस असेल, तर नका आणू. जुन्या चादरी द्या, रद्दी द्या, नसबंदीसाठी एखादीला रिक्षाचं भाडं द्या. पण ज्यांच्याकडे एक कोपरा आणि दोन-तीन महिने आहेत, त्यांनी एकदा विचार करावा. आणि कुणी पिल्लू घ्यायला आलं, तर नर की मादी हा प्रश्न निदान आपण बायकांनी तरी पहिला विचारू नये.