परसांतील पांखरें : वटवट्याचें लक्षण

मागील अंकांत शिंपी पक्ष्याविषयीं लिहिलें. तो ओळखावयास सोपा. कपाळावरील तांबूस रंग आणि उभारलेलें शेपूट पाहिलें कीं शंका राहात नाहीं. आजच्या पक्ष्यानें मात्र भल्याभल्यांस फसविलें आहे, आणि प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक.

हिवाळ्यांत आंब्याच्या पानांत चिमणीहूनही लहान, हिरवट, क्षणभर स्वस्थ न बसणारें एक पांखरूं किडे टिपीत असतें. तो पर्णवटवट्या. त्याच्या अनेक जाती हिमालयांत किंवा त्यापलीकडे वीण आटोपून थंडींत आपल्याकडे उतरतात, आणि दिसावयास सर्व जवळजवळ सारख्याच!

गेल्या हिवाळ्यांत माझ्या नातीनें वहींत टिपलें : ‘भिंवईसारखी फिकट रेघ लांब. पोट पांढुरकें. पंखावर पट्टी दिसली नाहीं. आवाज दोन तुकड्यांचा. हिरवट पर्णवटवट्या.’ या जातीच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी असते, हें मला ठाऊक होतें. पट्टी नाहीं, त्या अर्थी तो पक्षी हा नव्हे, असें ठरवून मीं तांबड्या शाईनें नांव खोडलें आणि वर ‘टिकेलचा पर्णवटवट्या’ असें लिहिलें. कारण त्याच्या पंखावर पट्टी नसते. पोरगी एवढेंच म्हणाली, “पण अण्णा, टिकेलचा खालून पिवळा असतो ना?” मीं तिला गप्प बसविलें. तीस वर्षांच्या मास्तरकीची संवय!

पक्षी त्याच आंब्यावर रोज येत राहिला. अखेर एका सकाळीं दुर्बीण घेऊन मीच बसलों. पोट पांढुरकें, पिवळ्या रंगाचा मागमूस नाहीं, आणि हाक ‘ची-वी’ अशी दोन अक्षरी. पट्टी मात्र खरोखरच नव्हती! तेव्हां उमगलें. ही पट्टी म्हणजे पंखावरील पिसांच्या टोंकांचा फिकट रंग. टोंकें झिजलीं कीं ती पुसट होते, कधीं नाहींशीही होते. नवीं पिसें आलीं कीं पुन्हां उमटते.

न्यायशास्त्रांत लक्षणाचे दोष सांगितले आहेत. ‘कपिल वर्णाची ती गाय’ म्हटलें, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. ‘शिंगें असलेली ती गाय’ म्हटलें, तर म्हैसही आंत येते, ही अतिव्याप्ति. पट्टी हेंच लक्षण धरलें, तर झिजल्या पिसांचा पक्षी सुटतो. भिंवईची रेघ हेंच धरलें, तर बहुतेक कुळच आंत येतें. हें मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें, आणि परसांत विसरलों!

म्हणून मुलांनीं सर्व खुणा क्रमानें पाहाव्या. भिंवई डोळ्यामागें कोठवर जाते? पंखावर पट्टी एक, दोन, कीं मुळींच नाहीं? ह्यूमच्या पर्णवटवट्यास बहुधा दोन असतात. पोट पांढुरकें कीं पिवळें? पाय काळसर कीं फिके? पक्षी शेंड्याच्या पानांत आहे, कीं झुडपांत खालीं? झुडपांतून ‘चक् चक्’ असा आवाज आला आणि पक्षी तपकिरी दिसला, तर तो बहुधा ब्लाइथचा बोरूवटवट्या समजावा.

आवाजास तर विसरूंच नये. इंग्लंडांतील सेलबोर्न गांवचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट यानें १७६८ सालीं एका पत्रांत लिहिलें कीं, लोक ज्यांस एकच समजतात ते तीन निराळे पक्षी आहेत, कारण तिघांचे स्वर कायम निराळे. मग तिन्ही पक्षी समोर ठेवून त्यानें आकारांतील भेद पाहिला, आणि सर्वांत लहानाचे पाय काळे, इतर दोघांचे मांसवर्णाचे, हेंही टिपलें. कानानें शंका काढली. डोळ्यानें ती तपासली.

इतकें करूनही निश्चय न झाला, तर ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ असें खुशाल लिहावें. त्यांत कमीपणा नाहीं. चुकीचें नांव लिहिण्यांत आहे.

त्याच दिवशीं मीं वही मागून घेतली, माझें नांव खोडलें आणि खालीं तांबड्या शाईनें लिहिलें : ‘मूळ उत्तर बरोबर.’ पोरीनें तें वाचलें, आणि विचारलें, “अण्णा, गुण किती?”