पहिल्या डोसची आठवण

‘तीन डोस घेतले, तरी कोविड झालाच, मग लशीचा उपयोग काय?’ सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत हा प्रश्न २०२२ पासून विचारला जातो आहे. २०२५च्या मे-जूनमध्ये जेएन.१ या उपप्रकाराच्या वंशजांमुळे रुग्णसंख्या पुन्हा थोडी वर गेली, तेव्हाही तो ऐकू आला. आता त्यात एका दाव्याची भर पडली आहे. जुन्या लशीने शरीराला चुकीची सवय लावली, त्यामुळे नवा विषाणू त्याला ओळखताच येत नाही, असे मोबाइलवर फिरणारे संदेश सांगतात. लोकांचा प्रश्न रास्त आहे. हा दावा मात्र अर्ध्या सत्यावर उभा आहे आणि अर्धे सत्य खोडून काढायला नेहमीच जास्त वेळ लागतो.

त्यातले खरे आधी पाहू. जोनस साल्क यांच्या पोलिओ लशीची प्रचंड चाचणी ज्यांच्या देखरेखीखाली झाली, त्या टॉमस फ्रान्सिस यांनी १९६० साली फ्लूविषयी एक निरीक्षण मांडले. बालपणी ज्या प्रकारचा फ्लू पहिल्यांदा होतो, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे पुढे आयुष्यभर सर्वांत ठळक राहतात. नंतर वेगळा फ्लू झाला, तरी शरीर आधी जुनीच प्रतिपिंडे बाहेर काढते. फ्रान्सिस यांनी याला बायबलमधल्या आदिपापाची आठवण करून देणारे नाव दिले. नाव चटकदार होते, पण त्यातल्या ‘पाप’ या शब्दाने पुढे बराच गोंधळ केला. हल्ली शास्त्रज्ञ त्याला नुसता ‘ठसा’ म्हणतात, ते बरे.

कोविडमध्येही असा ठसा उमटला. १६ जानेवारी २०२१ पासून भारतात दिल्या गेलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशी महासाथीच्या सुरुवातीच्या विषाणूवर बेतलेल्या होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला, तो काटेरी प्रथिनात तिसाहून अधिक बदल घेऊन. असा विषाणू शरीरात शिरला की आधी तयार झालेल्या स्मृतिपेशी नव्या पेशींच्या आधी धावतात. विषाणूच्या न बदललेल्या भागांना त्या चिकटतात आणि भराभर वाढतात. बदललेल्या भागांवर काम करू शकणाऱ्या नव्या पेशींना मग वाव कमी मिळतो. काळाबरोबर प्रतिपिंडांची पातळीही उतरते. घसा आणि नाकाच्या दारात विषाणूला रोखणारी फळी त्यामुळे विरळ होते आणि डोस घेतलेल्या माणसालाही सर्दी-ताप गाठतो.

पण धावून आलेल्या त्या जुन्या पेशी निकामी नसतात. लसीकरणानंतर कित्येक महिने लसिकाग्रंथींमध्ये या पेशींची जणू तालीम चालू असते. अधिक घट्ट आणि अधिक प्रकारांना पकडणाऱ्या पेशी त्यातून निवडल्या जातात. दुसऱ्या डोसनंतर ओमायक्रॉनपुढे जवळजवळ हतबल दिसणारी प्रतिपिंडे तिसऱ्या डोसनंतर लक्षणीय वाढली, ती यामुळे. शिवाय टी पेशी आहेत. संसर्ग झालेल्या पेशी हेरून त्या नष्ट करतात आणि विषाणूचे जे तुकडे त्या ओळखतात, त्यांतले बहुतेक ओमायक्रॉनमध्येही बदललेले नव्हते. संसर्ग त्या थांबवत नाहीत. न्यूमोनिया आणि व्हेंटिलेटर मात्र बऱ्याच अंशी टाळतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले, की वारंवार लस घेतलेल्यांमध्ये अनेक उपप्रकारांना एकाच वेळी निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होतात. त्यातली काही तर २००३च्या सार्सच्या विषाणूवरही चालतात. म्हणजे ठसा हा अडसर ठरतो, तसा आधारही ठरतो.

हा आधार नसला तर काय होते, ते २०२२च्या सुरुवातीला हाँगकाँगने पाहिले. तोवर तिथे साथ जवळपास नव्हतीच, त्यामुळे संसर्गातून आलेली प्रतिकारशक्ती नव्हती. तरुणांनी लस घेतली होती, पण ऐंशीच्या पुढच्या बहुसंख्य वृद्धांचे दोन डोस झालेले नव्हते. ‘सौम्य’ म्हणवला गेलेला ओमायक्रॉन आला आणि काही महिन्यांत सुमारे ९,००० माणसे गेली. त्यात बहुतेक लस न घेतलेले किंवा अर्धवट घेतलेले वृद्ध होते. त्याच सुमारास न्यूझीलंडमध्येही ओमायक्रॉन पसरला. तिथल्या वृद्धांचे लसीकरण झालेले होते. मृत्यू तुलनेने फार कमी झाले.

मग लस बदलायला नको का? हवी, आणि ती कशी बदलावी हे ठशामुळेच कळले. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ पासून जुना आणि नवा असे दोन्ही घटक असलेली लस दिली गेली. सुरुवातीच्या काही अभ्यासांत ती जुन्या लशीच्याच डोसपेक्षा फारशी सरस दिसली नाही, कारण जुना घटक जुन्याच पेशींना पुन्हा जागे करत होता. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने जुना घटक वगळण्याचा सल्ला दिला. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या जेनोव्हाने ओमायक्रॉनवर बेतलेली एमआरएनए लस आणली. ती सुईविना त्वचेत देता येते आणि साध्या फ्रीजच्या तापमानाला टिकते. तोवर लोकांचा उत्साह मात्र ओसरला होता. देशात सुमारे ९५ कोटी लोकांनी दुसरा डोस घेतला होता. तिसरा घेणारे जेमतेम २२-२३ कोटी.

धडधाकट तिशीतल्या माणसाने आज नव्या डोससाठी धावपळ करावी, असे नाही. दोन-तीन डोस आणि बहुधा एकदा-दोनदा झालेला ओमायक्रॉन, एवढी शिदोरी त्याच्याकडे आहे. ज्यांच्यात ठसा उमटलाच नाही किंवा पुसट झाला, त्यांची गोष्ट निराळी. मूत्रपिंड बदललेले, केमोथेरपी चालू असलेले, डायलिसिसवरचे रुग्ण, पंचाहत्तरीपुढची मंडळी. यांच्यातल्या अनेकांना शेवटचा डोस मिळून तीन वर्षे उलटली आहेत. प्रत्येक डायलिसिस कक्षात आणि कर्करोग विभागात त्यांच्या नोंदी आहेतच. नव्या उपप्रकारावर बेतलेली लस सरकारी रुग्णालयात या यादीतल्या माणसांना आधी आणि मोफत मिळायला हवी. पुढच्या लाटेची बातमी आल्यावर ती मागवली, तर उपयोग नाही; प्रतिपिंडे तयार व्हायला दोन आठवडे लागतात.