पॉलिसी उंबरठ्याशी थांबते

सकाळचे आठ वाजले की फरीदाबादच्या नहरपार भागातल्या उंच सोसायट्यांच्या गेटवर पाळी बदलते. रखवालदारांची नव्हे, आजारी माणसांपाशी बसणाऱ्या बायकांची. रात्रीची बाई पिशवी दाखवून बाहेर पडते, दिवसाची नाव नोंदवून लिफ्टकडे जाते. वर एखाद्या घरात पक्षाघाताने एक बाजू गेलेले आजोबा तिची वाट बघत असतात. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, अंग पुसायचे, डायपर बदलायचा, चमच्याचमच्याने भरवायचे. यात हयगय झाली की पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात आणि पेशंट पुन्हा हॉस्पिटलात जातो.

या घराच्या कपाटात आरोग्यविम्याची पॉलिसी आहे. हप्ता कधी चुकलेला नाही. हॉस्पिटलचे बिल तिने भागवलेही. पण बाईच्या पगाराची पावती पुढे केली की नकार येतो, आणि तो नकार नियमाला धरूनच असतो. विमा नियामक ‘इर्डाई’ने सप्टेंबर २०१९मध्ये आरोग्यविम्यातल्या अपवादांना एकच ठरावीक शब्दरूप दिले. त्यातला पाचवा अपवाद वाचावा. आंघोळ घालणे, कपडे चढवणे, हिंडवणे-फिरवणे अशी शुश्रूषा, मग ती घरी होवो वा नर्सिंग होममध्ये, प्रशिक्षित नर्स करो वा साधी मदतनीस, विम्यातून वगळता येते. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जे जे लागते, नेमकी त्याचीच ही यादी! पॉलिसी विकताना ती कोणी वाचून दाखवत नाही आणि घेणाराही शेवटच्या पानांपर्यंत जात नाही.

‘डोमिसिलियरी’ हा शब्द पॉलिसीत दिसला की अनेकांना धीर येतो. पण तो लागू होतो घरी होणाऱ्या उपचारांना. पेशंट हलवण्याच्या स्थितीत नाही किंवा हॉस्पिटलात खाट नाही, तेव्हा. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारतचे वर्षाला पाच लाखांचे कवच मिळाले. तेही हॉस्पिटलच्या उपचारांसाठी आणि डिस्चार्जनंतरच्या फार तर १५ दिवसांच्या औषधपाण्यासाठी. सोळाव्या दिवशी काय? २०२४मध्ये पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची मर्यादा उठली, सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला. दोन्ही निर्णय चांगलेच. पण त्यांनी पॉलिसी घेणे सोपे केले. आतला अपवाद जागचा हलला नाही.

फरीदाबाद हे निव्वळ दिल्लीचे उपनगर नव्हे. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली ही औद्योगिक नगरी. इथे ट्रॅक्टर झाले, बूट झाले, टायर झाले. पिंपरी-चिंचवड, सातपूर, ठाणे-बेलापूर पट्टा यांच्याशी तिचे सख्खे नाते आहे. या सगळ्याच गावांत मशीनवर उभे राहिलेले हात आता थरथरू लागले आहेत. त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती कर्मचारी पेन्शन योजनेची, म्हणजे ईपीएस-९५ची, पेन्शन आहे आणि तिची किमान रक्कम २०१४पासून महिना १,००० रुपयांवर अडकली आहे. ती ७,५०० करा, म्हणून बुलढाण्यात निवृत्तांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले. आता हिशेब मांडा. बारा तासांच्या बाईला रोज ८०० रुपये धरले तर महिन्याला २४,०००. डायपर, हवेची गादी, फिजिओथेरपी वेगळी. मागणी पूर्ण मान्य झाली तरी ती पेन्शन दहा दिवसांत संपेल.

मग उरलेले वीस दिवस कोण काढते? सून नोकरी सोडते. लेक माहेरी येऊन राहते. सत्तरीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याला उचलते आणि स्वतःची कंबर मोडून घेते. याला आपण संस्कार म्हणतो आणि हिशेबाच्या वहीत लिहीत नाही.

काही देशांनी मात्र हा हिशेब मांडला आहे. जर्मनीने १९९५मध्ये आजारपणाच्या विम्याच्या जोडीला शुश्रूषेचा वेगळा सक्तीचा विमा उभा केला. घरीच सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठीही तिथे रोख भत्ता मिळतो. जपानने २०००मध्ये चाळिशीपासून हप्ता घ्यायला सुरुवात केली. सिंगापूरमध्ये अंग धुणे-पुसणे, कपडे, जेवण, शौच, चालणे, खाटेवरून खुर्चीत बसणे या सहा कामांपैकी तीन स्वतः करता येत नसतील, तर दरमहा रक्कम सुरू होते. यातले काहीही फुकट नाही. जर्मनीचे हप्ते वाढतच गेले आहेत. सगळे बाजारावर सोडण्याचा धोकाही अमेरिकेत दिसला. खासगी कंपन्यांचे अंदाज चुकले आणि ऐन म्हातारपणी लोकांच्या हातात हप्तावाढीची पत्रे पडली.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ‘इर्डाई’ने पाचव्या अपवादाला कात्री लावावी; हॉस्पिटलातून घरी आल्यावर किमान तीन महिन्यांची शुश्रूषा प्रत्येक पॉलिसीत सक्तीची करावी. कामगारांसाठी नवी यंत्रणा शोधायलाही नको. कर्मचारी राज्य विम्यासाठी, म्हणजे ईएसआयसाठी, मालक ३.२५ आणि कामगार ०.७५ टक्के आजही भरतोच, आणि फरीदाबादेत तर ईएसआयचे स्वतःचे मेडिकल कॉलेज आहे. त्याच वर्गणीला शुश्रूषेचा छोटा हिस्सा जोडावा आणि तो निवृत्तीनंतर कामी यावा. शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून येणाऱ्या बायकांना प्रशिक्षण, नोंदणी आणि ठरलेला पगार द्यावा. नाही तर विम्याचा पैसा मधल्यामध्ये जिरेल आणि पेशंटला वळवणारे हात तितकेच अडाणी राहतील.

२०११च्या जनगणनेत साठीपुढचे १० कोटींहून अधिक होते. २०५०पर्यंत दर पाचांत एक जण त्या वयाचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. फरीदाबादच्या कारखान्यात आज मशीनवर उभा असलेला चाळिशीचा कामगार तेव्हा पासष्टीत असेल. त्याच्या हातात कमाईची वीस-पंचवीस वर्षे आहेत आणि शुश्रूषेचा निधी साठायलाही तितकीच लागतात. त्यातले प्रत्येक वाया गेलेले वर्ष पुढे त्याच्याच सुनेला, लेकीला, बायकोला भरून द्यावे लागणार आहे.