मोबाइलवरचे मत आणि वाडीतली आजी

मंडळाचे निर्णय यापुढे मोबाइल अ‍ॅपवर मत घेऊन करावेत, असे महाड-पोलादपूरकडच्या आपल्या शिकल्या-सवरल्या मुलांना वाटू लागले आहे. कल्पना आम्हाला पसंत आहे. गावमंडळ गावात, मुंबई मंडळ दिवा-नालासोपाऱ्याला. विहाराचे पत्रे आधी की मुलांची अभ्यासिका आधी, एवढे ठरवायलाही मे महिना उजाडावा लागतो. मग चार बोलके बोलणार आणि बाकीचे टाळ्या देणार!

पण मुलांनो, अ‍ॅप बांधण्याआधी विनयपिटक चाळा. हसू नका. ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान हे सारे भिक्खूसंघाला ठाऊक होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीला करून दिली होती. संघात मतासाठी रंगीत शलाका असत. हवी ती घ्यायची आणि कोणाला दाखवायची नाही. आजारी भिक्खू आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवी. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसकट सभेत आणायचे. हलवणे धोक्याचे असेल तर संघानेच त्याच्याकडे जायचे. त्याला वगळून काम करायची मुभा नव्हती.

आमच्या मते अ‍ॅपचा आराखडा इथून सुरू व्हावा. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत रेंज मिळेलच असे नाही. जुलै २०२१ च्या पुरात तर महाड शहरातले फोनही मुके झाले होते. कित्येक घरांत फोन एकच, तोही मुलाच्या खिशात. म्हणून मत फोन नंबराला नको, यादीतल्या माणसाला हवे. सासूला वेगळे, सुनेला वेगळे. ज्या आजीकडे फोन नाही तिच्या दारी कार्यकर्त्याने चिठ्ठी आणि पेटी घेऊन जावे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या मतचाचणीवर भागवू नका. तिथे कोणी काय निवडले ते नावानिशी दिसते. घरातही सुनेच्या खांद्यावरून डोकावणारे असतात. एस्टोनिया देशात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होते. तिथे मुदतीत मत बदलता येते व शेवटचे तेच धरतात. कागदावर मत दिले तर इंटरनेटवरचे रद्द होते. ही सोय आपणही घ्यावी.

मताआधी चर्चा हवी, हे महाडकरांना आम्ही काय सांगावे? डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टाची मनाई आली, तेव्हा सत्याग्रहाचा प्रश्न परिषदेपुढेच ठेवला गेला. कलेक्टरलाही बोलू दिले. तेव्हा ठरावासोबत खर्चाचा हिशेब टाका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो बोलून टाका. आठवडाभर विचार करू द्या, आणि मगच मत मागा.

राहिली मोजणी. शलाका वाटणारा भिक्खू आसक्ती, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असावा, असा नियम होता. असा माणूस प्रत्येक मंडळात सापडेलच असे नाही! म्हणून अ‍ॅपचा पासवर्ड एकट्या सेक्रेटरीच्या हाती नको. त्याचे तीन तुकडे करावेत: एक गावात, एक मुंबईला, एक महिला मंडळाकडे. तिघे जमल्याशिवाय निकाल उघडू नये.