आंकड्यामागचें माप

संसारांतले तंटे पैशांवरून होतात असें म्हणतात. पण बारकाईनें पाहिलें तर त्यांतले पुष्कळ तंटे मापांवरून झालेले आढळतात. दूध कमी भरलें कीं गवळ्यावर संशय जातो, आणि शेवटीं मापाचें बूड चेपलेलें निघतें. तांदूळ लवकर सरले कीं सुनेच्या सढळ हाताला बोल लागतो, आणि मागाहून कळतें कीं या खेपेस पोतेंच लहान आलें होतें. मापाची चूक मुकी असते, माणूस मात्र समोर दिसतें. म्हणून दोष माणसाच्या पदरीं पडतो. घरांतला ग्यासचा मीटर बदलल्यानंतर जो घोटाळा होतो, तो याच जातीचा आहे.

हा विषय घेण्यास कारण असें कीं, आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा किंवा मुलगी आज ब्रिटनमध्यें संसार थाटून आहे. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं निघालें, तेव्हां ही वहिवाट कांहीं आजची नव्हे. तेथें ग्यास केवळ स्वयंपाकापुरता नसतो. घर ऊबदार ठेवणें आणि न्हाणीचें पाणी तापविणें हीं कामेंही बहुतेक घरीं ग्यासवरच होतात. अशा घरीं नवा मीटर बसला आणि पुढचें बिल एकाएकीं तिपटीच्या घरांत गेलें, म्हणजे काय होतें? मुलगा सुनेला विचारतो. सून मुलांच्या आंघोळींवर पहारा ठेवते. आणि चार महिन्यांसाठीं गेलेले आईवडील ‘आपल्या येण्यानेंच हा खर्च वाढला’ असें मनांत घेऊन, कोणास न सांगतां आपल्या खोलींतली ऊब बंद करून शाली पांघरून बसतात. जानेवारीच्या थंडींत म्हाताऱ्या माणसांनीं असें बसणें जिवावर बेतूं शकतें. म्हणून हा हिशेब समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम मीटर काय मोजतो तें पाहूं. नेहमींच्या मीटरच्या पेटींत भात्यासारखे कप्पे असतात. एक भरतो तेव्हां दुसरा रिता होतो, आणि या भरण्या-रितें होण्याबरोबर आंकड्यांचीं चाकें पुढें सरकतात. म्हणजे मीटर मोजतो तें ग्यासचें घनफळ. त्या ग्यासमध्यें उष्णता किती आहे, हें त्याला ठाऊक नसतें. ब्रिटनमध्यें १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरचा कोळशाचा ग्यास जाऊन नैसर्गिक ग्यास आला. तितक्याच घनफळांत या नव्या ग्यासची उष्णता जुन्याच्या सुमारें दुप्पट, म्हणून शेगड्यांचे बर्नर बदलावे लागले. घनफळ आणि उष्णता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें यावरून ध्यानांत येईल. पैसे मात्र उष्णतेचे द्यावयाचे असतात. तेथील बिलांत ती किलोवॅट-तासांत मांडलेली असते.

आतां खरी मेख अशी कीं, ब्रिटनमधले जुने मीटर घनफुटांत मोजतात आणि नवे घनमीटरांत. जुन्या मीटरवर बहुधा चार मुख्य आंकडे असतात आणि त्यांतील एक अंक म्हणजे शंभर घनफूट. नव्या मीटरवर दशांशचिन्हाच्या डावीकडे बहुधा पांच आंकडे असतात आणि त्यांतील एक अंक म्हणजे एक घनमीटर. शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. एकाच घरांत, एकाच भिंतीवर, कालचा एक अंक आजच्या पावणेतीन अंकांहूनही थोडा मोठा होता. कोणता मीटर आपल्याकडे आहे, तें त्याच्या तोंडावरच छापलेलें असतें. ‘एम’ या रोमन अक्षराच्या माथ्यावर बारीक ३ असला तर घनमीटर. ‘एफ टी’ या अक्षरांवर तो असला तर घनफूट. आंकडा वाचतांना डावीकडून मुख्य आंकडे घ्यावे. दशांशानंतरचे किंवा तांबड्या रंगांतले सोडून द्यावे.

घनमीटरांवरून किलोवॅट-तास काढण्याची रीत अवघड नाहीं. वापरलेल्या घनमीटरांस प्रथम १.०२२६४ नें गुणावें; ग्यास थंडीनें आकुंचतो आणि दाबानें दबतो, त्याची ही सर्वसाधारण घरांसाठीं ठरविलेली दुरुस्ती. नंतर बिलावर छापलेल्या उष्मांकानें गुणावें. हा आंकडा बहुधा ३९-४० च्या आसपास असतो. शेवटीं ३.६ नें भागावें. मीटर घनफुटांचा असेल तर या सर्वांच्या आधीं २.८३ नें गुणावयाचें, इतकाच फरक. ज्यांस एवढा गुणाकार नको असेल त्यांनीं दोनच आंकडे लक्षांत ठेवावे. उष्मांक ३९.५ धरला तर एका घनमीटराचे सुमारें ११.२ किलोवॅट-तास होतात. शंभर घनफुटांचे सुमारें ३१.८. बिलांतील किलोवॅट-तासांस मीटरवरील वापरलेल्या अंकांनीं भागून पहावें. उत्तर ११ च्या जवळ आलें तर कंपनीनें मीटर घनमीटरांचा धरला आहे. ३२ च्या जवळ आलें तर घनफुटांचा. भिंतीवरचें माप आणि हें उत्तर जुळलें नाहीं, कीं चूक सांपडली.

उदाहरण घेऊं. समजा, हिवाळ्याच्या एका महिन्यांत नव्या मीटरवर १४० अंक पडले. वरील रीतीनें त्यांचे १,५७१ किलोवॅट-तास होतात. पण कंपनीच्या दप्तरीं जुन्या मीटरचें माप तसेंच राहिलें असेल, तर तेच १४० अंक घनफुटांचे समजले जाऊन ४,४४६ किलोवॅट-तासांचें बिल येईल. घरांत कोणीही एक चहा अधिक केलेला नाहीं! उलट प्रकारही घडतो. मीटर घनफुटांचा असून दप्तरीं घनमीटरांचा लागला, तर बिल तिसऱ्या हिश्श्याजवळ येतें. तेव्हां घरांत काटकसरीचें कौतुक होतें आणि चूक उघडकीस आल्यावर थकबाकी डोक्यावर बसते. येथें एक दिलासा आहे. २०१८ पासून तेथील नियमाप्रमाणें, कंपनीच्या चुकीमुळें बिल राहिलें असेल तर बारा महिन्यांपूर्वीं वापरलेल्या ग्यासचे पैसे घरगुती ग्राहकाकडून मागतां येत नाहींत.

दुसरा घोटाळा मीटर बदलण्याच्या दिवसाचा. त्या महिन्याचा वापर दोन तुकड्यांत असतो, आणि ते निरनिराळे काढून मगच मिळवावे लागतात. समजा, मागील बिलाच्या वेळीं जुना मीटर ८७६५ वर होता, काढतांना ८७९० वर, आणि शून्यापासून सुरू झालेला नवा महिनाअखेर ४२ वर आला. जुन्याचे २५ अंक म्हणजे ७०.७५ घनमीटर, त्यांत नव्याचे ४२ मिळवून ११२.७५ घनमीटर, अर्थात् सुमारें १,२६५ किलोवॅट-तास. पण मीटर बदलल्याची नोंदच दप्तरीं पोंचली नाहीं, तर काय समजलें जाईल? ८७६५ वरून चाकें ९९९९ पर्यंत गेलीं, शून्यावर आलीं आणि पुढें ४२ झालीं! म्हणजे १,२७७ अंक आणि चाळीस हजारांवर किलोवॅट-तास. साधारण घराला जें तीन वर्षें पुरावें, तें एका महिन्यांत जळलें असा निष्कर्ष.

यावर उपाय सोपा आहे. मीटर बदलावयास माणूस येईल त्या दिवशीं, जुना मीटर भिंतीवरून उतरण्यापूर्वीं त्याच्या आंकड्याचें छायाचित्र घ्यावें; नव्याचा आरंभीचा आंकडा, त्याचें माप आणि त्याचा अनुक्रमांक यांचेंही घ्यावें. नवा मीटर शून्यावरच असेल असें गृहीत धरूं नये. पुढील बिल आल्यावर पैशांची रक्कम पाहण्यापूर्वीं अनुक्रमांक आणि माप ताडून पहावें. जुळत नसेल तर छायाचित्रांसह कंपनीला लेखी कळवावें, आणि तेथें दाद न लागल्यास ‘एनर्जी ओम्बुड्समन’ या तक्रार-निवारकाकडे जावें. नवा मीटर ‘स्मार्ट’ असला, आपला आंकडा आपणच कळवीत असला, तरीही पहिलें बिल ताडून पाहण्याची तसदी घ्यावीच.

मुंबई-पुण्यांत नळाचा ग्यास घेणाऱ्या आमच्या वाचकांस घनफुटांची ही अडचण नाहीं. भारतानें १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें स्वीकारलीं, आणि येथील घरगुती मीटर घनमीटरांतच मोजतात; दरही घनमीटरामागेंच असतो. तथापि जुन्याचा शेवट आणि नव्याचा आरंभ लिहून ठेवण्याची गोष्ट येथेंही तितकीच लागू आहे. ज्या घरांत सिलिंडरवर त्याच्या आरंभाची तारीख खडूनें लिहिण्याची रीत आहे, त्या घरास ही शिस्त नवी नाहीं.

परगांवीं असलेल्या मुलाचें ‘बिल फार आलें’ असें पत्र किंवा बोलणें आलें, तर वडील मंडळींनीं काटकसरीचा उपदेश करण्याआधीं एकच प्रश्न विचारावा: मीटर घनफुटांचा कीं घनमीटरांचा? आणि तेथें राहावयास गेलेल्या आजी-आजोबांनीं, या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत तरी, आपल्या खोलींतली ऊब बंद करूं नये.